वायद्याचा वसंत

मार्च महिन्यातील अखेरचा रविवार बेल्जियममधील अँटवर्प शहरात स्थायिक झालेल्या जैन कुटुंबांना एखाद्या सणासारखा वाटतो. त्या पहाटे युरोपभर घड्याळे एक तास पुढे केली जातात. आदल्या संध्याकाळी सव्वासातच्या आत मावळलेला सूर्य त्या दिवशी आठ वाजून गेल्यावरच क्षितिजाखाली उतरतो. इतरांच्या दृष्टीने हा केवळ काट्यांचा बदल. परंतु सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपण्याचा नियम पाळणाऱ्या घरात त्यामुळे सारी दिनचर्याच पालटते. डिसेंबरात तेथे पावणेपाच वाजण्यापूर्वीच सूर्य मावळलेला असतो. मुले शाळेतून परतली की दप्तर खाली ठेवून लगेच पानावर बसतात, आणि कर्ता पुरुष चार वाजता कार्यालयातच डबा उघडतो. सर्वांनी एकत्र जेवायचे ते फक्त शनिवारी आणि रविवारी. एप्रिल लागला की संध्याकाळ लांबते आणि घरातील माणसे पुन्हा एका पंगतीला येतात. दूरची सहल करावी, वाटेत कोठेतरी सतरंजी पसरावी आणि उजेडातच शेवटचा घास घेऊन घराकडे वळावे, हे सारे त्या लांबलेल्या संध्याकाळीमुळेच शक्य होते.

अँटवर्पच्या विल्राइक या उपनगरात, जेथे संगमरवरी जैन मंदिर उभे आहे तेथे, राहणारे एक कुटुंब गेली चौदा वर्षे वसंतातील सहलींचा हा क्रम पाळत आले आहे. कुटुंब मूळचे नाशिक जिल्ह्यातील लासलगावचे. आशियातील सर्वांत मोठी कांद्याची बाजारपेठ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्या गावी आजोबांची आडत होती. जो कांदा घरातील चुलीवर कधी चढला नाही, त्याच कांद्यावर घर उभे राहिले आणि मुलांची शिक्षणे झाली. थोरल्या मुलाने आडत सांभाळली. धाकटा मुंबईला हिऱ्यांच्या पेढीवर उमेदवारीला राहिला, तेथून अँटवर्पला आला आणि पुढे मुंबईच्या एका भागीदाराबरोबर त्याने स्वतःचा व्यवसाय सुरू केला. तेव्हा त्याचा मुलगा एक वर्षाचा होता. आज तो पंधरा वर्षांचा आहे. नऊ वर्षांच्या मुलीचा तर जन्मच तेथला. घरात मराठी, मंदिरात गुजराती, शाळेत डच आणि दुकानदारीत इंग्रजी, अशा चार भाषांत ती मुले वाढली.

फेब्रुवारी संपता संपता गृहिणी फ्रिजवर एक कागद लावते. त्यावर तीन ठिकाणांची नावे असतात : हॅलेरबॉसचे जंगल, हास्पेनगाऊच्या फळबागा आणि हॉलंडमधील क्युकेनहॉफचे ट्युलिप. नावांपुढे तारखा मात्र पेन्सिलीने लिहिलेल्या असतात, कारण प्रत्येक ठिकाणचा बहर दोन-तीन आठवड्यांचाच असतो आणि तो कधी येणार हे थंडी ठरवते. या सहलींना एकटे जायचे नाही, हा घरचा अलिखित नियम. शेजारचे निवृत्त फ्लेमिश शिक्षक आणि त्यांच्या पत्नी, मंदिरात जुळलेले एक पालनपुरी कुटुंब आणि व्यवसायातील एक ज्यू दलाल व त्यांचा मोठा परिवार, असा हा गोतावळा वर्षानुवर्षे जमत गेला.

२०२५ च्या वसंतात त्या कागदावर नावे तीच होती. पण ती लिहिताना गृहिणीचा हात थबकला होता.

त्याचे कारण व्यापारात होते. अँटवर्पमधील हिऱ्यांचा व्यापार पंधराव्या शतकापासून चालत आलेला आहे. खोट्या रत्नांच्या विक्रीस मनाई करणारा १४४७ सालचा नगरादेश ही त्याची एक जुनी खूण. १९६० च्या दशकापासून पालनपूरचे जैन व्यापारी तेथे येऊ लागले. बड्या व्यापाऱ्यांना ज्यांत फारसा रस नव्हता असे बारीक कच्चे हिरे घ्यावेत, भारतात पाठवून त्यांना पैलू पाडून घ्यावेत आणि थोड्या नफ्यावर पुष्कळ माल फिरवावा, या रीतीने त्यांनी जम बसवला. मध्यवर्ती रेल्वे स्थानकाजवळच्या होवेनियर्सस्ट्राट या गल्लीत काळ्या टोप्यांचे कर्मठ ज्यू दलाल आणि भारतीय व्यापारी आजही एकमेकांपुढे कागदी पुड्या उलगडतात. सौदा पटला की हातात हात देऊन ‘माझल’ हा एकच शब्द उच्चारला जातो. हिब्रू भाषेतील या शब्दाचा अर्थ सुदैव. तो उच्चारला की सौदा पक्का झाला. मग भाव चढो की उतरो, मागे फिरता येत नाही. जो फिरला त्याची पत त्या गल्लीतून उठली.

अशा या गल्लीला गेल्या काही वर्षांत उतरती कळा लागली. प्रयोगशाळेत तयार होणाऱ्या हिऱ्यांनी भाव पाडले. रशियन हिऱ्यांच्या आयातीवर युरोपीय संघाने १ जानेवारी २०२४ पासून बंदी घातली आणि कच्च्या मालाचा एक मोठा ओघ अँटवर्पला टाळून अन्यत्र वळला. त्यातच २ एप्रिल २०२५ रोजी अमेरिकेने नवी आयात शुल्के जाहीर केली. ओळखीची कार्यालये एकामागून एक दुबईला हलू लागली होती. मुंबईच्या भागीदाराचाही तोच आग्रह होता. कार्यालयाचा भाडेकरार जूनअखेर संपत होता आणि मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात उत्तर द्यायचे होते. पती-पत्नींनी हे मुलांना सांगितले नव्हते. ‘अजून ठरलेले नाही, मग उगाच त्यांच्या जिवाला घोर कशाला?’ असे दोघेही एकमेकांना समजावत होते. मार्चमध्ये लासलगावहून आलेल्या आजींना मात्र सारे ठाऊक होते.

आजींनी चैत्रातील आयंबिलाची ओळी तेथेच केली. ४ ते १२ एप्रिल हे नऊ दिवस तेल, तूप, दूध, साखर आणि भाजी वर्ज्य करून दिवसातून एकदाच अळणी-कोरडे अन्न त्यांनी घेतले. चैत्री पौर्णिमेला ओळी पूर्ण झाली. त्याच संध्याकाळी ज्यू लोकांच्या पासओव्हर सणाला आरंभ झाला. वसंतातील एकच पौर्णिमा दोन्ही घरांत आपापल्या पंचांगातून उतरली होती. पासओव्हरच्या दिवसांत यीस्टने फुगवलेला पाव घरात राहत नाही, आणि पहिले व शेवटचे दिवस सोडून मधल्या दिवसांत सहकुटुंब सहलीला जाण्याची त्यांच्यात जुनी चाल आहे. म्हणून पहिल्या सहलीचा दिवस ठरला बुधवार, १६ एप्रिल, स्थळ हॅलेरबॉस.

ब्रुसेल्सच्या दक्षिणेस हाल नावाच्या गावाजवळ सुमारे साडेपाचशे हेक्टरांवर पसरलेले हे जंगल एप्रिलच्या मध्यास जांभळट निळे होते. उंच बीच वृक्षांच्या खाली, दृष्टी पोहोचेल तेथवर, ब्लूबेलच्या नाजूक घंटांचा गालिचा पसरलेला असतो. शिक्षकमहाशय चालता चालता मुलांना त्याचे रहस्य सांगत होते. बीच वृक्षांना पालवी फुटून वरचे छत मिटले की जमिनीवर ऊन पोहोचत नाही. ब्लूबेलला हे जणू माहीत असते. पाने येण्याआधीच्या त्या थोड्या दिवसांत ती फुलते, पानांवाटे उन्हातून अन्न बनवते, ते जमिनीखालच्या आपल्या कंदात साठवते आणि मग वर्षभर झोपी जाते.

धाकटी मुलगी छायाचित्रासाठी पायवाट सोडून फुलांत शिरू लागली, तेव्हा शिक्षकांनी तिला हलकेच थांबवले. पायाखाली पाने चिरडली की कंदाला त्या वर्षीचे अन्न मिळत नाही, आणि तुडवलेली जागा भरून यायला कित्येक वर्षे जातात. बीपासून वाढणाऱ्या रोपाला पहिले फूल येण्यासच चार-पाच वर्षे लागतात. मुलीने पाऊल मागे घेतले आणि आजींना मराठीत सगळे समजावले. आजी म्हणाल्या, “जयणेनं चालावं, हे यांनाही ठाऊक आहे की!” पाऊल टाकताना जीव सांभाळावा, हा घरी रोज ऐकलेला शब्द त्या परक्या जंगलात मुलीला प्रथमच डोळ्यांनी दिसला.

या जंगलाची आणखी एक हकिकत शिक्षकांनी सांगितली. पहिल्या महायुद्धात जर्मन फौजांनी येथील बहुतेक मोठी झाडे तोडून नेली. १९३० ते १९५० या काळात नवी लागवड झाली. आज आकाशाला भिडलेली झाडे म्हणजे बहुतांशी तीच लागवड. लावणाऱ्यांनी ती अशी उंच झालेली पाहिली नाहीत. युद्धाने सावली हिरावून नेली तरी जमिनीखालचे कंद मात्र तग धरून राहिले होते.

दुपारी जंगलाच्या कडेला सतरंज्या पसरल्या गेल्या. जैन डब्यांतून दशम्या, तिखट-मिठाच्या पुऱ्या आणि लसूण नसलेली शेंगदाण्याची चटणी निघाली. ज्यू कुटुंबाने आपली मात्झाची कोरडी भाकरी वेगळ्या भांड्यांतून काढली. त्या आठ दिवसांत ते दुसऱ्या कोणाच्या घरचे शिजलेले खात नाहीत. फ्लेमिश शेजाऱ्यांच्या डब्यात पाव आणि चीज होते, त्यांना ना यांचा हात लागू शकत होता, ना त्यांचा. तीन कुटुंबे, तीन चुली आणि एकही पदार्थ समाईक नाही. अखेर आजींनी पिशवीतून संत्री काढली. न कापलेले, न शिजवलेले फळ तिन्ही सतरंज्यांवर चालत होते. संत्री हातोहात फिरली, आणि सालींचा वास सर्वांच्या बोटांना सारखाच लागला.

परतीच्या वाटेवर दलालांनी गृहस्थाला हलक्या आवाजात विचारले, “दुबईचं काय ठरलं?” गृहस्थाने मान हलवली, “मेच्या पहिल्या आठवड्यात सांगायचं आहे.” दोघांच्या मागे चार पावलांवर थोरला मुलगा चालत होता. त्याने काही ऐकल्यासारखे दाखवले नाही.

दुसरी सहल त्यानंतरच्या रविवारी झाली. लिंबर्ग प्रांतातील सिंट-ट्रुइडन गावाभोवतीचा हास्पेनगाऊ हा प्रदेश म्हणजे बेल्जियमची फळबाग. पेरूच्या आकाराचे नाशपती, सफरचंद आणि चेरी यांच्या ओळीच्या ओळी तेथे एप्रिलमध्ये पांढऱ्या-गुलाबी होतात. या वेळी पालनपुरी कुटुंबही बरोबर होते. नाशपतीचा बहर ओसरला होता. सफरचंदाच्या फांद्यांवर गुलाबी कळ्या पांढऱ्या होत होत्या. एका बागेच्या मालकाने मंडळींना आत बोलावले आणि या सुंदर दृश्यामागची धास्ती सांगितली.

फुले उमलल्यावर एखाद्या रात्री तापमान शून्याखाली गेले, तर फुलांच्या आतील कोवळा भाग गोठतो आणि वर्षाचे पीक एका रात्रीत जाते. २०१७ च्या एप्रिलमध्ये तसेच झाले होते. अशा रात्री बागायतदार झोपत नाहीत. कोणी ओळींमधून मेणाचे मोठे डबे पेटवतात, तर कोणी फुलांवर सतत पाण्याचा फवारा धरतात. ऐकणाऱ्याला हे उलटेच वाटते; परंतु पाणी गोठताना उष्णता बाहेर टाकते, आणि जोवर वरून नवे पाणी पडत व गोठत राहते तोवर आतले फूल शून्य अंशाच्या फारसे खाली जात नाही. पहाटे बर्फात मढलेली फुले उन्हात सुटी होतात आणि जिवंत राहतात. मात्र मध्येच पाणी थांबले, तर बर्फानेच घात होतो. एकदा फवारा सुरू केला की ऊन येईपर्यंत तो सोडायचा नाही.

आजी हे ऐकून खुलल्या. निफाड तालुक्यात थंडीची लाट आली की द्राक्षबागांतून शेतकरी रात्रभर शेकोट्या पेटवतात, पहाटे बागेला पाणी देतात, हे त्यांनी लहानपणापासून पाहिलेले. सून भाषांतर करत गेली आणि लासलगावच्या आजी व हास्पेनगाऊचा तो बागायतदार बराच वेळ थंडीविषयी बोलत राहिले. निघताना त्याने विचारले, “तुमच्याकडे द्राक्षं गेली तर शेतकरी काय करतो?” आजी उत्तरल्या, “पुढच्या वर्षी छाटणी करतो. दुसरं काय करणार?” यावर तो मोठ्याने हसला.

परतताना गाडीत शांतता होती. ब्रुसेल्सचा वळणरस्ता ओलांडल्यावर थोरला मुलगा खिडकीबाहेर पाहतच म्हणाला, “दुबईला जायचं असेल तर मला आधी सांगा. बाहेरच्यांकडून कळायला नको.”

वडिलांनी आरशातून मागे पाहिले. आईचे डोळे भरून आले. “अजून नक्की ठरलेलं नाही,” वडील म्हणाले, “म्हणून बोललो नव्हतो.” मुलगा म्हणाला, “दलालकाकांना ठाऊक आहे. आजीला ठाऊक आहे. आम्हालाच नाही.” धाकटी अर्धवट झोपेतून जागी होऊन सर्वांच्या तोंडाकडे पाहू लागली.

घरी पोहोचल्यावर सूर्यास्ताला तासाभराचा अवकाश होता. मुगाची खिचडी झाली, जेवणे झाली, आणि मुले वर गेल्यावर आजी मुलाला म्हणाल्या, “तुझ्या बापानं आडतीवर एक रीत कधी मोडली नाही. ज्याचं देणं लागतो, त्याला वाईट बातमी आधी सांगायची. भाव पडला तर शेतकऱ्याला बाजारातून कळता कामा नये, आपल्या तोंडून कळलं पाहिजे. तू पोरांना दुकानाच्या बाहेरचं समजलास. अरे, त्यांचं देणं सगळ्यांत मोठं आहे. त्यांची शाळा, त्यांचे सोबती, त्यांची भाषा, सगळं तू इथं मांडलंस आणि आता उचलणार आहेस. विचारू नकोस हवं तर, पण सांग तरी.”

त्या रात्री आई-वडील वर गेले आणि मुलांच्या खोलीत बराच वेळ दिवा राहिला. हिशेबाच्या वह्या दाखवाव्यात तशी वडिलांनी सारी परिस्थिती मुलासमोर मांडली : घटलेली उलाढाल, कार्यालयाचे भाडे, अडकलेला माल आणि भागीदाराचे म्हणणे. मुलाने थोडेच प्रश्न विचारले, पण ते नेमके होते. धाकटीने एकच विचारला, “तिथे वसंत असतो का?” त्यावर कोणालाही पटकन उत्तर देता आले नाही.

तिसरी सहल १ मे रोजी ठरली. कामगार दिनामुळे बेल्जियममध्ये सुट्टी होती. महाराष्ट्र दिन म्हणून आजींनी सकाळीच श्रीखंड केले होते. तीन गाड्या हॉलंडच्या दिशेने निघाल्या आणि पावणेदोन तासांत लिसे या गावी पोहोचल्या. तेथील क्युकेनहॉफ उद्यान १९५० मध्ये लोकांसाठी खुले झाले. बत्तीस हेक्टरांच्या त्या बागेत दर शरद ऋतूत सुमारे सत्तर लाख कंद हातांनी लावले जातात आणि वसंतातील आठ आठवडेच ती पाहायला मिळते. नावाचा अर्थ मात्र साधा आहे : स्वयंपाकघराची बाग. जुन्या काळी गढीच्या मुदपाकखान्यासाठी तेथे भाजीपाला आणि औषधी वनस्पती काढत.

माहितीच्या दालनात ट्युलिपचा एक कंद उभा कापून ठेवला होता. आजी चष्मा सावरून वाकल्या आणि म्हणाल्या, “हा तर कांदाच!” सर्व हसले. तेच ते तांबूस टरफल, त्याच पाकळीसारख्या पापुद्र्यांच्या घड्या. “सत्तर लाख कंदमुळं,” आजी पुटपुटल्या, “बरं आहे, नुसती पाहायचीच आहेत.”

शेजारीणबाई किंचित गंभीर झाल्या. त्यांची आई हार्लेमची. १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मन नाकेबंदीमुळे पश्चिम हॉलंडमध्ये अन्न संपले आणि सुमारे वीस हजार माणसे दगावली. त्या भूकहिवाळ्यात लोकांनी ट्युलिपचे कंद सोलून, आतला पिवळा कोंब काढून, उकडून खाल्ले. त्यांच्या आईनेही ते खाल्ले होते. पुढे आयुष्यभर तिने बागेत ट्युलिप लावले, पण फुलदाणीत कधी ठेवले नाहीत. आजींनी हे ऐकून हात जोडले. त्यानंतर त्यांनी कंदाविषयी थट्टा केली नाही.

उद्यानाबाहेरच्या शेतांत निराळेच दृश्य होते. लाल-पिवळ्या पट्ट्यांवरून एक यंत्र फिरत होते आणि फुलांची डोकी उडवत होते. धाकटी कळवळली. “इतकी सुंदर फुलं का कापतात?” शिक्षक म्हणाले, “या शेतकऱ्याला फूल विकायचं नसतं, कंद विकायचा असतो. फूल राहिलं तर बी धरण्यात ताकद जाते. फूल काढलं की ती कंदाला मिळते. जूनच्या सुमारास कंद खणतात आणि मग ते जगभर जातात.” आजींना याचे नवल वाटले नाही. “कांद्यालाही डेंगळा आला की कांदा पोसत नाही,” त्या म्हणाल्या, “आमच्याकडेही मोडून टाकतात.”

बांधावर सतरंज्या पसरल्यावर शिक्षकांनी ट्युलिपच्या वेडाची प्रसिद्ध कथा सांगितली. हे फूल मुळात हॉलंडचे नव्हेच. मध्य आशियातून ते तुर्कस्तानात गेले, तेथून व्हिएन्नाला आणि क्लूसियस या वनस्पतीशास्त्रज्ञाबरोबर १५९३ च्या सुमारास लायडनला आले. पट्टेदार पाकळ्यांचे दुर्मीळ ट्युलिप श्रीमंतांना भुरळ घालू लागले. ते पट्टे एका विषाणूमुळे उमटतात, हे तेव्हा कोणाला माहीत नव्हते. हिवाळ्यात कंद जमिनीत असतात. म्हणून खानावळींत बसून कागदावरच सौदे होऊ लागले. माल पाहिला नाही, पैसा दिला नाही, उन्हाळ्यात देऊ-घेऊ एवढा वायदा. डच लोक त्याला ‘वाऱ्याचा व्यापार’ म्हणत. एकेका कंदाचा भाव घराच्या किमतीला जाऊन भिडला. १६३७ च्या फेब्रुवारीत हार्लेमला बोलीसाठी गिऱ्हाईकच उभे राहिले नाही, आणि काही दिवसांत सारा डोलारा कोसळला. देश बुडाला वगैरे गोष्टी पुढे रंगवल्या गेल्या. प्रत्यक्षात पैसे फारच थोड्यांचे बुडाले. बुडाला तो शब्द. घेणाऱ्यांनी माल उचलण्यास नकार दिला, न्यायालयांनी हे खटले जुगाराचे म्हणून टाळले आणि १६३८ मध्ये हार्लेमच्या नगरसभेने किमतीच्या साडेतीन टक्के भरून सौदा मोडण्याची मुभा दिली.

“साडेतीन टक्क्यांत शब्द परत!” पालनपुरी गृहस्थ म्हणाले. दलालांनी मान हलवली, “म्हणून आमच्या गल्लीत कागद कमी आणि हात जास्त.” आजी म्हणाल्या, “एका साली यांनी शेतकऱ्यांना भाव बोलून ठेवला आणि आठवड्यात बाजार पडला. यांनी बोललेला भाव दिला. त्यात माझ्या पाटल्या गेल्या. पण पुढच्या साली त्याच शेतकऱ्यांच्या गाड्या पहिल्यांदा आमच्याच आडतीवर लागल्या.” सुनेने भाषांतर केले. थोरला मुलगा खाली पाहत गवताची काडी मोडत ऐकत होता.

मग वडिलांनीच विषय काढला. आता लपवण्यासारखे काही राहिले नव्हते. जूनअखेर शाळा संपली की कुटुंब दुबईला जाणार, हे त्यांनी सर्वांसमोर सांगितले. शेजारीणबाईंनी गृहिणीचा हात हातात घेतला. धाकटी शिक्षकांना बिलगून बसली. थोड्या वेळाने दलाल म्हणाले, “आमच्या घराण्यानं चार पिढ्यांत चार शहरं सोडली. घरं कोणाला आठवत नाहीत. कोणाबरोबर बसून जेवलो, तेवढं आठवतं.”

मुलगा प्रथमच बोलला. “माझी एक अट आहे. दर वर्षी ईस्टरच्या सुट्टीत इथं यायचं. निळ्या जंगलात. सगळ्यांनी.” वडील उत्तर देण्यापूर्वी थांबले. विमानाची भाडी, नवा धंदा, पहिले वर्ष, हे सारे हिशेब त्यांच्या मनातून गेले असावेत. पत्नीने त्यांच्याकडे पाहिले. आजींनी पाहिले नाही. त्या शांतपणे संत्री सोलत होत्या.

“येऊ,” वडील म्हणाले.

मुलाने हात पुढे केला नाही. त्याचा विश्वास एकदा डळमळला होता, आणि तो एका शब्दाने परत येणारा नव्हता. तेव्हा दलाल उठले, मुलासमोर येऊन उभे राहिले आणि त्यांनी आपला उजवा हात पुढे केला. “मी साक्षीदार नाही,” ते म्हणाले, “मी सौद्यातला एक पक्ष आहे. मीही येईन. माझल.”

त्या शब्दाचा अर्थ त्या मुलाला लहानपणापासून ठाऊक होता. तो उभा राहिला. त्याने आधी त्यांचा आणि मग वडिलांचा हात हातात घेतला आणि तोच शब्द उच्चारला. तो हसला नाही. पण वडिलांचा हात त्याने लवकर सोडलाही नाही.

सूर्य मावळायला दोन तास होते. आजींनी श्रीखंडाचा डबा उघडला. पासओव्हर संपला होता, तरीही दलालांच्या परिवाराने आपल्या रीतीप्रमाणे फक्त संत्री घेतली. परतीच्या गाडीत धाकटीने आईकडून पेन्सिल मागून घेतली. घरी पोहोचताच तिने फ्रिजवरच्या कागदाखाली दुसरा कोरा कागद लावला आणि त्यावर एकच ओळ लिहिली : हॅलेरबॉस, एप्रिल २०२६. तारखेची जागा तिने मोकळी ठेवली. ती थंडी ठरवणार होती. बाकीचे मात्र तिने पेन्सिल बाजूला ठेवून शाईने लिहिले.